हातावरची ती खूण

संपादक साहेब, नमस्कार.

आनुवंशिक आजारांचा विषय निघाला की मला अमेरिकन संशोधक नॅन्सी वेक्सलर आठवतात, आणि आपल्याकडे हे नाव फारसं कोणाला माहीत नाही याचं खरंच वाईट वाटतं. 1968 साली त्यांच्या आईला हंटिंग्टन हा मेंदूचा आनुवंशिक आजार असल्याचं कळलं, म्हणजे हातपाय आपोआप हलत राहतात, तोल जातो, हळूहळू विचार करणंही जमेनासं होतं, आणि प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता सरळ 50 टक्के. नॅन्सीबाई हातपाय गाळून बसल्या नाहीत, व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराकाठच्या गावांत गेल्या जिथे एकेका कुटुंबात कितीतरी जणांना हा आजार होता, आणि वर्षानुवर्षं जाऊन 18,000 लोकांची वंशावळ जमवली. लोक तपासणीसाठी रक्ताचे, त्वचेचे नमुने द्यायला घाबरायचे. तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातावरची, त्वचेचा तुकडा काढल्याची खूण दाखवली, की माझ्याही घरात हेच आहे, मीपण दिलंय! मग लोक पुढे आले. हे वाचताना मला दर वेळी भरून येतं. त्या नमुन्यांच्या आधारे 1983 मध्ये कळलं की दोष चौथ्या गुणसूत्रावर आहे, मग 1993 मध्ये जीनच सापडला आणि आज साध्या ब्लड टेस्टमध्ये निदान होतं. 2020 मध्ये त्यांनी आपल्यालाही हा आजार असल्याचं जाहीर केलं. पण आजार पूर्ण बरा करणारं औषध अजून नाही, आणि ज्यांनी रक्त दिलं ती सरोवराकाठची माणसं अजून गरिबीतच आहेत, औषध निघालं तर आधी त्यांना मिळायला हवं, तेही फुकट.

– एक वाचक, सातारा