आशाताईंना पैशाबरोबर हिशोबही द्या

संपादक महोदय, नमस्कार.

मी जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर झेडपीच्या शाळेत शिकवतो, नऊ वर्षं इथेच राहतोय, त्यामुळे आमच्या आशाताईंचं, म्हणजे घरोघरी जाऊन आरोग्याचं काम करणाऱ्या गावातल्या स्वयंसेविकेचं, काम रोज डोळ्यासमोर असतं. आशांचा मोर्चा निघाला की पेपरात फोटो येतो आणि मग परत सामसूम, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

मागच्या पावसाळ्यात पाड्यावरची एक पोरगी दवाखान्यात बाळंत होऊन घरी आली. बाळ बारीक, जेमतेम दोन किलोचं. मी त्या घरी पोरांना शाळेत बोलवायला गेलेलो आणि तेवढ्यात ताई सातव्या दिवसाच्या भेटीला आल्या, ओहोळाला पाणी होतं तर चपला हातात, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. आधी साबणाने हात धुतले, बाळाला काट्याच्या झोळीत ठेवून काटा डोळ्यासमोर धरून वजन घेतलं, काखेत थर्मामीटर लावलं आणि मग बाळाच्या पोटावरचं फडकं बाजूला करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजत बसल्या. आजी मध्येच काहीतरी विचारत होती, ताईंनी नुसता हात वर केला, मान वळवली नाही. ६६ भरले. ६०च्या वर गेलं की धोका, हे त्यांना पाठ आहे. बाळ दूधही ओढत नव्हतं, पाय गार. लगेच आईच्या छातीशी उघडं बाळ लावून वरून लुगड्याने बांधलं, आणि पाड्यावर रेंज नाही म्हणून टेकाडावर पळत जाऊन १०८ला फोन केला. ते बाळ वाचलं, आता माझ्या शाळेच्या ओट्यावर रांगतं.

हे श्वास मोजणं वगैरे किरकोळ वाटतं लोकांना पण तसं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना हे शिकवलं, त्यांना आरोग्यदूत म्हणायचे, तिथले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी कमी झाले आणि १९९९ला ते लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं. त्याच कामातून पुढे देशभर आशांच्या घरभेटी सुरू झाल्या. म्हणजे हे आपल्याच महाराष्ट्रातल्या खेड्यातून गेलेलं काम आहे, याचा मला खरंच अभिमान वाटतो.

आता पैशाचं. दवाखान्यातली बाळंतीण असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी अशा सहा भेटी, त्या सगळ्या मिळून २५० रुपये. म्हणजे एका भेटीला चाळीस-बेचाळीस रुपये, ओहोळ ओलांडून. कागदावर त्या स्वयंसेविका, त्यामुळे पगार नाही, मोबदला. मार्च २०२४ला राज्य सरकारने महिन्याला ५००० रुपये वाढवले हे चांगलंच झालं, पण त्यासाठी बायकांना लेकरंबाळं घरी ठेवून आझाद मैदानात बसावं लागलं.

माझं आजचं म्हणणं वाढीबद्दल नाहीच. आमच्या ताईंच्या खात्यात पैसे दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनी येतात आणि येतात तेव्हा नुसता आकडा येतो, कोणत्या महिन्याचे, कोणत्या कामाचे, काय कापलं, काहीच कळत नाही. ताई वहीत सगळं लिहून ठेवतात, भेटीची तारीख, बाळाचं वजन, लसीकरणाला कोणाला आणलं ते पण. एकदा माझ्याकडे वही घेऊन आल्या, सर जरा जुळवून बघा म्हणाल्या. आम्ही दोघांनी तासभर बेरजा केल्या, मी गणित शिकवतो तरी जुळेना. कुठे विचारायला गेलं की वरून आलं नाही एवढंच उत्तर मिळतं, आणि जास्त विचारलं तर आपणच खोटे पडू अशी त्यांना भीती.

मला पगाराची स्लिप दर महिन्याला मिळते, मोबाईलवर सुद्धा बघता येते. आशांकडून मोबाईलमध्ये एवढी माहिती भरून घेता तर त्याच मोबाईलवर दर महिन्याच्या ठराविक तारखेला कामवार हिशोब का पाठवता येत नाही? मराठीत पाठवा, आणि एखादी रक्कम नाकारली असेल तर कारण लिहा. आरोग्य खात्याने एवढं तरी या वर्षी करावं ही कळकळीची विनंती. ताईंची ती वही अजून माझ्या टेबलावरच आहे.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक, ता. जव्हार, जि. पालघर