बाबांचं हाड आणि तुझी घाई

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर केवढा तावातावानं बोललास! "पुण्याला आणा त्यांना, ऑपरेशन करून मोकळं होऊ." बाबा शेजारीच होते, म्हणून मी गप्प बसले. आता ते तीन उशांना टेकून बसल्या बसल्या घोरताहेत, तोवर लिहून घेते. आडवं झालं की कळ येते, म्हणून ही असली झोप.

अक्कलकोटहून येताना टेंपोनं मागून ठोकलं, हँडल छातीत बसलं आणि हे खांद्यावर आपटले. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. पहिल्या दवाखान्यात एक्स-रे काढून "मुका मार आहे" म्हणाले. चार दिवस झाले तरी गळ्याखालची सूज हटेना. दुसऱ्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन करायला लावलं, तेव्हा कळलं की कॉलर बोन, म्हणजे गळ्याखालचं खांद्यापर्यंत जाणारं आडवं हाड, छातीच्या हाडाजवळ मोडलंय. तिथं बरगड्या, मणके आणि छातीचं हाड एकमेकांवर येतात, साध्या फोटोत भेग लपून जाते. हे हाड मोडतं ते बहुतेक मधोमध; छातीकडच्या टोकाला मोडणारे शंभरात २ ते ५. तिथं मोडायला मारही जबरच लागतो, म्हणून फुफ्फुसं आणि बरगड्याही बघितल्या. देवाच्या दयेनं ठीक आहेत.

आत्या हाडवैद्याकडं न्यायला निघाली होती. मी सरळ नाही म्हटलं. त्या टोकाच्या मागंच श्वासनलिका, अन्ननलिका आणि मोठ्या रक्तवाहिन्या आहेत, तिथं कुणी चोळायचं? ऑपरेशनही त्याचसाठी जपून करतात. तुकडा आत सरकून काही दाबत असेल, कातडीतून बाहेर येऊ बघत असेल, किंवा कित्येक महिने जुळलंच नाही आणि दुखत राहिलं, तर. बाबांचा तुकडा जागचा हललेलाच नाही. काही आठवडे हात झोळीत, दुखलं तर गोळी, मग हळूहळू व्यायाम. जुळायला ६ ते १२ आठवडे. श्वास लागला, गिळताना अडकलं, आवाज बसला, हात बधिर झाला किंवा निळा पडला तर रात्र असो की दिवस, दवाखाना गाठायचा. हे मी फ्रिजवर चिकटवून ठेवलंय.

खरी कसरत शर्टाची. दुखऱ्या हाताची बाही आधी घालायची आणि काढताना तीच शेवटी. पहिल्या दिवशी उलटं केलं आणि शेजारी धावत आले एवढे ओरडले! बोटं, मनगट, कोपर दिवसातनं चारदा हलवायचे, नाहीतर आखडतात. ते मात्र माझी पाठ वळली की विसरतात. बिडी बंद केलीय, धुरानं हाड उशिरा जुळतं म्हणे. चंची मी डाळीच्या डब्यात लपवलीय, सांगू नकोस.

आणि हो, तू २२ चा. डॉक्टर म्हणाले, कॉलर बोनच्या छातीकडच्या टोकाची वाढ २३-२५ व्या वर्षापर्यंत चालू असते. म्हणजे अजून तू वाढतोयस! गाडी सांभाळून चालव.

शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसनं ये. फळंबिळं नकोत. पुढून बटणं असलेले दोन सैल शर्ट आण, नेहमीपेक्षा एक माप मोठे.

तुझी,
आई
सोलापूर