बेठोवनची पाचवी: बसआधी गुरुवारची बैठक

सभासदहो,
रविवारी मुंबईला एनसीपीए सभागृहात बेठोवनची पाचवी सिंफनी (वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) ऐकायची आहे. बस शनिवारी रात्री टिळकवाडीतून. त्याआधी गुरुवारी सायंकाळी ६ ला नेहमीच्या खोलीत दोन कंडक्टरांची (वाद्यवृंद चालवणाऱ्यांची) रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकू: फुर्टवेंगलर आणि कार्लोस क्लायबर (व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंद, १९७४). सुरुवातीचेच ते चार स्वर, 'त-त-त-ताऽऽ'. शेवटच्या स्वरावर फुर्टवेंगलर श्वास रोखून थांबतो, क्लायबर तो सोडून पुढं धावतो. मी क्लायबरवाला, भांडायला या.

मुव्हमेंट (सिंफनीचा एक भाग) संपली की टाळ्या नकोत (मागच्या खेपेला मीच वाजवली होती). तिसरी तर न थांबता चौथीत शिरते.

बसचे पैसे बुधवारपर्यंत द्या. कुंद्याचा डबा बसमध्येच संपवायचा.