माईकचा सांगाडा नको, आतलं बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत अहिराणी गाण्यांच्या स्टुडिओंवर लेख आला, वाचून बरं वाटलं, आपल्याकडच्या पोरांच्या मेहनतीची कुणीतरी दखल घेतली. पण सोबतच्या फोटोत गायिकेपुढे तो चकचकीत, उभ्या पट्ट्यांचा माईक होता आणि खाली "जुन्या काळचा गोडवा" असं छापलेलं, त्यावर लिहिल्याशिवाय राहवेना. धुळे-जळगाव भागात आता जो तो नवीन स्टुडिओवाला असलाच माईक मागवून राहिला आणि पोरांचे कष्टाचे पैसे त्यात चाललेत.

तो आकार मूळचा शुअर कंपनीच्या ५५ नंबरच्या माईकचा, १९३९ सालचा. त्याचं नाव झालं ते दिसण्यामुळे नाही. समोरचा आवाज घ्यायचा आणि मागचा दाबायचा हे काम एकाच कॅप्सूलमध्ये, म्हणजे माईकच्या आतल्या आवाज पकडणाऱ्या भागात, त्यांनी जमवलं, म्हणून भाषणाला, स्टेजला सगळीकडे तोच दिसायचा. आज ऑनलाइन स्वस्तात मिळतो तो बहुतेक वेळा नुसता सांगाडा असतो, आत गल्लीतल्या साउंडवाल्याकडे असते तसली साधी, चुंबक आणि तारेच्या गुंडाळीवर चालणारी डायनॅमिक कॅप्सूल. व्हिडिओ शूटिंगला खुशाल वापरा, छानच दिसतो. आवाज मात्र दुसऱ्या माईकवर घ्या.

दुसरा प्रकार म्हणजे जुन्या जर्मन माईकसारखे दिसणारे स्वस्त कंडेन्सर (बाहेरून वीज द्यावी लागते असे माईक). जर्मनीच्या नॉयमन कंपनीचा यू ४७ आला १९४९ मध्ये, यू ६७ आला १९६० मध्ये, दोन्ही जुन्या रेडिओसारखे व्हॉल्व्हवाले, आणि चांगल्या हालतीतला जुना पीस आज लाखांत जातो, तो आपल्या कुणाच्या आवाक्यातला नाही. म्हणून नक्कल घेतात. आता गंमत अशी की यू ६७ ची कॅप्सूल मुळातच वरचे सूर वाढवून देते आणि ते परत जागेवर आणायचं काम माईकच्या आतलं सर्किट करतं. बऱ्याच स्वस्त माईकमध्ये कॅप्सूल त्या धाटणीची टाकतात आणि सर्किट मात्र साधं, मग स, श, च कानाला टोचतात आणि पोरगा रात्रभर मिक्सिंगला बसून ते टोचणं कमी करत राहतो. आपल्या बायांचा आवाज मोकळ्या गळ्याचा, चढा, थोडा नाकातला, त्यावर असला माईक लावला की चांगली गाणारी बाईसुद्धा किंचाळल्यासारखी वाटते आणि लोक म्हणतात बाईचा आवाजच कर्कश आहे. याचं मला फार वाईट वाटतं.

जुन्या पद्धतीचं खरंच काही घ्यायचं असेल तर रिबन माईक घ्या. त्यात चुंबकाच्या मधोमध ॲल्युमिनियमची पट्टी लटकवलेली असते, मिठाईवरच्या वर्खासारखी पातळ, दोन-तीन मायक्रॉनची. वरचे सूर तो हळूच मऊ करतो, आणि समोरून जेवढं ऐकतो तेवढंच मागूनही ऐकतो, बाजूचं, वरचं आणि खालचं मात्र जवळजवळ ऐकतच नाही. कानबाईच्या, म्हणजे आपल्या खान्देशात श्रावणात बसते त्या देवीच्या, गाण्यांसाठी मी दोघी जावांना समोरासमोर बसवलं, मधे एकच रिबन, एकीनं ओळ म्हटली की दुसरी उचलते, त्या एकमेकींकडे बघून गातात, हेडफोन नाही की काही नाही, आणि दोघींचा मेळ तसाच्या तसा येतो. जात्यावरच्या ओव्यांनाही हीच युक्ती, माईक जात्याच्या बरोबर वर उभा धरला की खालची घरघर मागे पडते आणि ओवी पुढे येते, घरघर पूर्ण जात नाही पण जायलाही नको. फक्त तोंड हातभर लांब ठेवायला सांगा, जवळ गेलं की आवाज जाड होतो, म्हाताऱ्या आज्यांचे शब्दच कळत नाहीत.

पण रिबन नाजूक फार. आपल्याकडे माईक दिसला की फू फू करून बघायची सवय आहे, एका जोरदार फुंकीत पट्टी ताणली जाते आणि मग तिची दुरुस्ती आपल्या गावात होत नाही. ठेवताना उभाच ठेवा. इंटरफेसचं (माईक कॉम्प्युटरला जोडायच्या पेटीचं) कंडेन्सरला वीज देणारं ४८ व्होल्टचं बटण बंद आहे ना ते बघूनच वायर जोडा, बऱ्याच स्वस्त इंटरफेसवर दोन्ही चॅनलला मिळून एकच बटण असतं आणि वायर खराब असली तर पट्टीचं काम तमाम. रिबनचा आवाजही बारीक येतो, साठ डेसिबलच्या आसपास गेन लागतो म्हणजे आवाज तेवढा वाढवावा लागतो, तो वाढवणारा प्रीअँप हलका असेल तर नुसती सूंसूं वाढते, म्हणजे माईकच्या पैशाबरोबर प्रीअँपचेही पैसे धरून चाला. तेवढं बजेट नसेल तर साधा शुअर एसएम ५८ घ्या, १९६६ पासून जगभर चालतोय, टोचणाऱ्या कंडेन्सरपेक्षा हजारपट बरा.

आणखी एक, कंडेन्सरवाल्यांसाठी. उन्हाळ्यात आपण स्टुडिओत कूलर लावतो, रेकॉर्डिंगच्या वेळी बंद केला तरी हवेत ओल राहतेच आणि कंडेन्सरची कॅप्सूल ओल धरली की चटचट आवाज करते, लोक मग केबल बदलत बसतात. माईक सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद डब्यात ठेवा, कूलरसमोर तर अजिबात नको.

साहेब, श्रावण जवळ आलाय, नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई बसेल आणि रात्रभर गाणी चालतील. ही गाणी पाठ असलेल्या बाया आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. तुमच्या पुरवणीत त्यांच्या रेकॉर्डिंगबद्दल एक पान द्या, कुठला माईक, किती लांब, खोली कशी, हे सगळं त्यात येऊ द्या, लागेल ती माहिती मी लिहून पाठवतो.

आपला,
रेकॉर्डिंगच्या कामातला एक वाचक,
अमळनेर, जि. जळगाव