विजेला वाट दाखवते ती विरळ हवा

महोदय,

लेझरने विजेला दिशा देण्याच्या प्रयोगांविषयी लिहिताना ‘लेझर हवेत प्लाझ्माची तार ओढतो आणि वीज तिच्यावरून धावते’ असे सर्रास छापले जाते. यातला पहिला भाग बरोबर आहे, दुसरा नाही. (प्लाझ्मा म्हणजे रेणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेली हवा.)

ही तार ओढणाऱ्या लेझरच्या पल्सला, म्हणजे अतिशय अल्पकाळच्या झोताला, ऊर्जा फारशी लागत नाही. ती किती कमी वेळात ओतली जाते यावर सगळे अवलंबून असते. 1 मिलिज्यूल ऊर्जा 50 फेम्टोसेकंदांत (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश) दिली की शक्ती 20 गिगावॅटवर जाते. 800 नॅनोमीटर तरंगलांबीसाठी हवेतला उंबरठा काही गिगावॅटचाच आहे. तो ओलांडला की झोताच्या मध्यभागी हवेचा अपवर्तनांक वाढतो, हवाच भिंगाचे काम करते आणि झोत आपोआप आवळत जातो. तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 50 लाख कोटी वॅट झाली की ऑक्सिजनचा रेणू एकदम आठ फोटॉन गिळून इलेक्ट्रॉन सोडतो. हे इलेक्ट्रॉन झोत पुन्हा पसरवू पाहतात. या ओढाताणीत जेमतेम 100 मायक्रॉन जाडीचा तंतू, म्हणजेच ती तार, कित्येक मीटर टिकतो. मात्र त्यात हजार रेणूंमागे एखाद्याचेच आयनीभवन झालेले असते, बहुधा त्याहूनही कमी.

हा प्लाझ्मा काही नॅनोसेकंदांत विरतो. तेवढ्या अवधीत विजेची ठिणगी सेंटिमीटरभरही पुढे सरकत नाही. मागे उरते ती उष्णता. तापलेली हवा फाकते, ‘टक्’ असा आवाज येतो आणि मिलिसेकंदभर विरळ हवेची नळी राहते. विरळ हवेत इलेक्ट्रॉनला दोन टकरींच्या मध्ये जास्त धाव मिळते, म्हणून विजेला तीच वाट सोपी पडते. 2004 मध्ये न्यू मेक्सिकोत सेकंदाला 10 पल्स सोडल्या होत्या. दोन पल्समधल्या काळात नळी पूर्ण बुजत होती आणि वीज वळली नाही. 2021 मध्ये स्वित्झर्लंडच्या सँटिस शिखरावर, 124 मीटर उंच मनोऱ्याशेजारी, सेकंदाला 1000 पल्स सोडल्या, तेव्हा विजेने सुमारे 50 मीटर लेझरची वाट धरली. बातमीत लेझरची शक्ती छापली जाते; सेकंदाला किती पल्स, हा आकडाही छापावा.

प्रयोगशाळेत हे करू पाहणाऱ्यांसाठी थोडे. 50 फेम्टोसेकंदांची पल्स 100 मीटर हवेतून गेली की सव्वाशे फेम्टोसेकंदांपर्यंत ताणली जाते आणि शक्ती निम्म्याखाली येते. कम्प्रेसरमधल्या (पल्स आखूड करणाऱ्या भागातल्या) ग्रेटिंगमधले, म्हणजे रंग वेगळे करणाऱ्या रेघांच्या पट्ट्यांमधले, अंतर बदलून तिला आधीच उलटा चर्प द्यावा, म्हणजे हवेत मागे पडणारे रंग आधी सोडावेत. तंतू हव्या त्या अंतरावर सुरू होतो. शक्ती उंबरठ्याच्या कित्येक पट वाढवून तंतू जाड होत नाही. झोतातल्या बारीक असमानतेमुळे त्याचे अनेक तंतू होतात आणि ते दर पल्सला जागा बदलतात, म्हणून आधी झोत स्वच्छ करावा. लांबी मोजायला झोताच्या बाजूने मायक्रोफोन सरकवत न्यावा. जिथे ‘टक्’ ऐकू येतो तिथे प्लाझ्मा आहे. कागदावरचा जळका ठिपका फसवतो, कारण प्लाझ्मा संपल्यावरही झोत कागद जाळण्याइतका तीव्र असतो.

तंतूत फिल्टर धरू नये, तो तिथल्या तिथे जळतो. 800 नॅनोमीटरचा प्रकाश अडवणारा चष्माही एकटा पुरत नाही: तंतूतून दृश्य रंगांचा पांढरा प्रकाश निघतो आणि तो त्या चष्म्यातून थेट डोळ्यांत जातो.

– लेझर भौतिकीचा एक अभ्यासक