51 वातींच्या काकूंना

प्रिय काकू,

शालोम आणि नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही म्हणता, "पुरे गं, परकी आहेस का?" आणि लगेच गॅसवर काय चढवलंय ते सांगायला लागता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. इथे तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही. काकांनी मोबाइलवरून मोठ्यानं वाचून दाखवावं, म्हणजे चष्मा सापडत नाही हे निमित्तही नको.

गोष्ट गेल्या वर्षीच्या हनुक्काची, म्हणजे आम्हा ज्यूंच्या आठ दिवसांच्या दिव्यांच्या सणाची. तुम्हाला सगळी पाठ आहे, पण वाचणाऱ्या बाकीच्यांना नाही, तेव्हा थोडं सोसा.

अकरा वर्षं मी ठाण्याहून सकाळची धीमी लोकल पकडतेय. लेडीज डब्यातल्या आम्हा सातजणींनी एकमेकींच्या घरचं काय खाल्लं नाही? संकष्टीचे मोदक, मुंब्र्याच्या मैत्रिणीच्या घरचा शीरखुर्मा, मडगावच्या मैत्रिणीचा नाताळचा दोदोल, नागपूरवालीची संत्री. डब्यात मी मात्र कायम खाणारी. डिसेंबरात एकदा घाटकोपरला उतरता उतरता आमची जैन मैत्रीण म्हणाली, "तुमच्यात काही सणबिण असतात की नाही?" ती थट्टेत म्हणाली, पण मला लागलं. सँडहर्स्ट रोड येईपर्यंत मी सगळ्यांना 29 तारखेच्या रविवारी घरी बोलावून मोकळी झाले होते. मशीद स्टेशनला उतरले तेव्हा घाम फुटला. (या स्टेशनाचं नाव आमच्या 1796 च्या सिनेगॉगवरून, म्हणजे प्रार्थनास्थळावरून पडलं असं घरात लहानपणापासून ऐकलंय. आजी सिनेगॉगला मशीदच म्हणायची, आणि ते सिनेगॉग म्हणजे 'जुनी मशीद'.)

घाम फुटायचं कारण असं की हनुक्का मी एकटीनं कधी केलाच नव्हता. आई होती तोवर ते खातं तिचं. ती गेली आणि घरातली पितळेची हनुक्किया, म्हणजे आठ अधिक एक दिव्यांची समई म्हणा, ताई इस्रायलला, अश्दोदला घेऊन गेली. थोरली ती, हक्क तिचाच. तरी त्या रिकाम्या खिळ्याकडे बघून मी वर्षभर कुढत होते, हे आता लिहूनच टाकते.

गेल्या वर्षी पहिला दिवा नेमका 25 डिसेंबरच्या संध्याकाळी आला. मी बेकरीतून वाढदिवसाच्या मेणबत्त्या आणल्या आणि ताटलीत चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. मी हळदीकुंकवाला आले नाही म्हणून तुम्ही बोलवायला आलात, आणि दारातूनच म्हणालात, "अगं, वाढदिवस कुणाचा?"

मी रडले का हसले ते आठवत नाही. तुम्ही मात्र उद्यापनाचं केळं माझ्या हातात देऊन मेणबत्त्या मोजल्यात. तीन. मी सांगितलं की रोज एक वाढते, शिवाय एक सेवक, शमाश, तो बाकीच्यांना पेटवायला. आठ दिवसांच्या मिळून 44. तुम्ही मनातल्या मनात वजाबाकी केलीत, "काल दोन, आज तीन. म्हणजे 39 राहिल्या." आणि गेलात. हळदीकुंकवाच्या बायका घरात बसल्या होत्या, तरी दहा मिनिटांत परत आलात ते दिवाळीच्या नऊ पणत्या आणि एक पाट घेऊन. "चालतील ना गं तुमच्यात?"

चालतात, काकू. दिवे एका ओळीत, एका उंचीवर हवेत आणि सेवक वेगळा दिसायला हवा, एवढंच. सेवकाची पणती तुम्ही उपड्या वाटीवर ठेवलीत, ती मला सुचली नसती. शुक्रवारी दुपारी वाती आल्या. 39 सांगितल्या होत्या, निघाल्या 51. "असू दे थोड्या जास्त, वात मोजून करू नये," हे तुमचं उत्तर. आणि शुक्रवारची अडचण तर तुम्ही माझ्याआधी ओळखलीत. शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्तालाच सुरू होतो; त्याचे दिवे लावायच्या आधी हनुक्काचे लावायचे, म्हणजे सूर्य असतानाच. आणि ते अंधार पडल्यावरही अर्धा तास तेवले पाहिजेत. वाढदिवसाच्या मेणबत्तीचा तिथे काय निभाव लागणार! तुम्ही पणत्या काठोकाठ तिळाच्या तेलानं भरून दिल्यात. जळल्या दोन तासांच्या वर.

त्या संध्याकाळी वाती बघत बसलो असताना मी तुम्हाला आमच्या घरची विसंगती सांगितली होती. पुन्हा लिहिते, कारण त्यावर तुम्ही जे बोललात तेच खरं तर या पत्राचं कारण.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही आमची परंपरागत कथा. पुढे पिढ्यान् पिढ्या गावोगाव तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनिवार तेली म्हणायचं. जुन्या सणांना आमच्याकडे अस्सल मराठी नावं आहेत: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. हनुक्काला मात्र असं नाव नाही, कारण तो आमच्याकडे नव्हताच. यहुदा मक्कबीनं जेरुसलेमचं मंदिर परत घेतलं आणि तिथला दिवा पुन्हा लागला, ती घटना ख्रिस्तपूर्व 164 सालची. एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं, अशी कथा. आमचे पूर्वज त्याच्या आधीच तिथून निघाले असावेत, असं म्हणतात. आमच्या लोकांना हा सण शिकवला तो फार उशिरा, कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी. म्हणजे तेलाचा सण, आणि तो तेल्यांनाच ठाऊक नव्हता!

मी हे जरा शरमेनं सांगत होते. रविवारी सगळ्यांसमोर कसला मान मिरवायचा, आपल्यालाच तो उसना मिळालाय. तुम्ही वात वळता वळता म्हणालात, "म्हणजे तुम्हीही दुसऱ्यांकडून शिकूनच करता. मग मला शिकायला काय झालं? सांग, रविवारी तळायचं काय?"

तळायचे होते लाटके. बटाट्याचा कीस पिळून त्यात कांदा, मीठ, मिरी, अंडं, आणि तव्यावर तेलात तळणं. हाही आमचा पदार्थ नव्हे, तो युरोपातल्या ज्यूंचा. आजी गुलगुले करायची. पण मला मिरवायचं होतं ना! आता बघा: मार्गशीर्ष संपला नव्हता, म्हणून तुम्हाला अंडं नको. जैन मैत्रिणीला कांदा नको आणि बटाटाही नको. लाटक्यातून हे काढलं की मागे उरतं मीठ आणि मिरी. तुम्ही कच्ची केळी सुचवलीत. अर्धवट उकडून किसायची, तांदळाच्या पिठात बांधायची. पहिला घाणा तेलात विरघळून गेला आणि तुम्ही झाऱ्यानं चुरा काढत म्हणालात, "थालीपिठाचं पिल्लू आहे हे, त्याला आधी थापायला हवं." दुसरा घाणा जमला. तिच्यासाठी वेगळी कढई, नवं तेल. बटाट्याचे केले तेव्हा अंड्याऐवजी तेच पीठ. खरं सांगू, आईच्या लाटक्यांपेक्षा केळ्याचे कुरकुरीत झाले. ताईला हे कळवलेलं नाही.

शनिवारी मंडपवाल्यानं खुर्च्या एक दिवस आधीच आणून टाकल्या आणि तुम्ही त्या उतरवून, पैसे देऊन, जिन्यात रचून ठेवल्यात. मी सांगितलं नव्हतं. शब्बाथला दुसऱ्याला सांगून काम करवून घेणंही आम्हाला बरोबर नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं की नुसतंच माझं दार बंद दिसलं म्हणून केलंत, ते मी अजून विचारलेलं नाही.

आणि ते दुसरं. मुंब्र्याच्या मैत्रिणीला बोलावलं खरं, पण वर्षभर गाझाच्या बातम्याच अशा होत्या की शुक्रवारी माझा धीर सुटला. तिला अवघडल्यासारखं होईल, नको म्हणून कळवते, असं मी तुम्हाला म्हणाले. तुम्ही कढई घासत होतात. मान वर न करता म्हणालात, "बोलावणं तुझं काम. यायचं की नाही ते तिला ठरवू दे. तिच्या वतीनं तू कशाला अवघडतेस?" मी मेसेज लिहून ठेवला होता, तो पुसला.

ती सगळ्यांत आधी आली, खजुराचा डबा घेऊन. आणि पाटावर पणत्या मांडायला घेतल्या तेव्हा बाकी सगळ्या डावीकडून लावायला निघाल्या, तिनं एकटीनं विचारलं, "उजवीकडून ना?" मांडायचे उजवीकडून, पेटवायचे डावीकडून, सगळ्यांत नवा दिवा आधी. उर्दू वाचणाऱ्या माणसाला हिब्रूची दिशा कुणी शिकवायला लागत नाही.

मधली एक धांदल राहिलीच. हनुक्काचे दिवे सूर्यास्तानंतरचे आणि आमची जैन मैत्रीण सूर्यास्तानंतर पाणीही पीत नाही. हे मला रविवारी दुपारी चार वाजता लक्षात आलं. तुम्ही घड्याळ बघितलंत, "मग आधी खाऊ, मग दिवे. तू थांब, आम्ही तिला सोबत करतो." साडेपाचला सगळ्या जेवायला बसल्या, मी वाढत राहिले. कुणाला त्यात सोय केल्यासारखं वाटलं नाही, हे मला फार आवडलं. तिनं केळ्याचे सहा लाटके खाल्ले. मोजायचे नसतात, पण मी यजमानीण होते, मोजले.

दिवे लागले, बराखा, म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना, म्हणून झाली, आणि मग मी तो नियम सांगितला ज्यानं माझी पार्टी खऱ्या अर्थानं गाजली. दिवे तेवत असताना निदान अर्धा तास बायकांनी कामाला हात लावायचा नाही. एक क्षण शांतता. मग मडगाववाली म्हणाली, "असला सण तुम्ही इतकी वर्षं लपवून ठेवलात?" सिंक भांड्यांनी भरलेलं, आणि सात बायका हात मांडीवर ठेवून बसलेल्या. आलं टाकून चहा काकांनी केला. जास्त उकळला होता, पण त्या दिवशी त्यांना कुणी काही बोललं नाही, तुम्हीसुद्धा.

मक्कबींची गोष्ट मी घोळत घोळत सांगितली. मोठं राज्य, अँटिओकस राजाची फौज, इकडे डोंगरात लपून छापे घालणारे मूठभर लोक. तुमच्या नातवानं मला पुढे जाऊच दिलं नाही, "म्हणजे मावळेच की!" त्यानंतर आमचा इतिहास त्यानंच पुरा केला, गनिमी काव्यासकट. बरंचसं बरोबर होतं.

मग भोवरे. ताईनं अश्दोदहून पाठवलेले चार आणि आईच्या पेटीतला लाकडी जुना एक. भोवऱ्याच्या चार बाजूंवर चार हिब्रू अक्षरं, शेंगदाणे लावून खेळायचं: 'नून' आलं तर काही नाही, 'गिमेल' आलं तर सगळे दाणे तुमचे, 'हे' आलं तर अर्धे. चौथ्या अक्षरावर पोरांचं भांडण जुंपलं, कारण आईच्या भोवऱ्यावर शिन होतं आणि ताईच्या भोवऱ्यांवर पे. शिन म्हणजे शाम, तिथे: मोठा चमत्कार तिथे घडला. इस्रायलमध्ये बनलेल्या भोवऱ्यावर पे, म्हणजे पो, इथे. मी समजावून सांगितलं की आपण ठाण्यात, तेव्हा आपला भोवरा शिनचा. तुमच्या नातवाला पटलं नाही. त्याचे दाणे पे वर गेले होते.

या मे महिन्यात इमारत पुनर्विकासाला गेली. तुम्ही डोंबिवलीला मुलाकडे, मी कळव्यात भाड्यानं. तीन वर्षांत ताबा मिळेल म्हणतात. टेंभी नाक्याच्या सिनेगॉगमध्ये आता मला रिक्षानं जावं लागतं आणि तुमच्या घरी लोकलनं. सामान हलवताना पणत्या फुटतील म्हणून मी त्या पंच्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसले होते. टेम्पोवाला हसला. पाट मात्र तुमच्याकडेच राहिला, तो आणा.

आणि हॉर्लिक्सच्या बाटलीत तुमच्या 12 वाती उरल्यात. यंदा पहिला दिवा 14 डिसेंबरला, रविवारी. पहिल्या दिवशी दोन, दुसऱ्या दिवशी तीन, तिसऱ्या दिवशी चार, म्हणजे मंगळवारपर्यंत मी ओढत नेईन. बुधवारी, 17 तारखेला, पाच लागतात आणि माझ्याकडे तीनच असतील. केळी मी आणून ठेवते.

तुमची,
समोरच्या दारातली