लष्करी नर्सिंगचं कॉलेज बारावीनंतरच

संपादक महोदय,

पेडण्याच्या एका गृहस्थांचं पत्र आपल्या अंकात वाचलं. मुलगी बारावी सायन्सला आहे, तिला मिलिटरी नर्स व्हायचं आहे. पण 'आधी कॉलेज कर, पदवी हातात पडू दे, मग सैन्याचं बघू' अशी आम्ही तिची समजूत घातली, असं त्यांनी लिहिलं आहे. मी तीस वर्षं सरकारी इस्पितळांत स्टाफ नर्स म्हणून काढली आणि माझी भाची सध्या मुंबईला नौदलाच्या अश्विनी इस्पितळाच्या नर्सिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. त्यामुळे गप्प बसवेना. अहो, यात आधी आणि मग असं काही नाहीच. ते कॉलेज हेच ते ट्रेनिंग.

सैन्यदलांची अशी सहा कॉलेजं आहेत. पुण्याचं एएफएमसी, म्हणजे सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय, मुंबईचं अश्विनी, शिवाय दिल्ली, कोलकाता, लखनौ आणि बंगळूर. एएफएमसी म्हटलं की आपल्याकडे फक्त डॉक्टर आठवतात, तिथे नर्सिंगच्याही ४० जागा आहेत हे माझ्या स्वतःच्या बहिणीला ठाऊक नव्हतं. भाचीच्या वर्षी सहा ठिकाणी मिळून २२० जागा होत्या. चार वर्षांची बीएस्सी नर्सिंग. राहणं, रेशन, गणवेश सरकारचा, वर स्टायपेंड. पास होऊन मेडिकलला फिट ठरली की खांद्यावर लेफ्टनंटचे दोन तारे. बदल्यात पुढे नोकरी करण्याचा बाँड प्रवेशाच्या वेळीच लिहून द्यायचा असतो, मध्येच सोडलं तर पैसे भरावे लागतात. तेवढं नीट वाचून मगच सही करा.

आता त्या मुलीने साधी बीएस्सी केली, समजा केमिस्ट्री घेऊन, तर काय होईल? ती पदवी इथे कामाला येणार नाही. या कॉलेजांसाठी लागणारी 'नीट' ही प्रवेश परीक्षा द्यायची आणि पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात, तीही वय पंचविशीच्या आत असेल तर. कॉलेज करायचंच असेल तर नर्सिंगचं करावं. गोव्यात बांबोळीला किंवा दुसऱ्या मान्यताप्राप्त ठिकाणी बीएस्सी नर्सिंग केलेल्या, नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झालेल्या मुलींसाठी शॉर्ट सर्व्हिस कमिशनची, म्हणजे ठरावीक वर्षांच्या अधिकारपदाची, वेगळी परीक्षा असते, वय २१ ते ३५. पण ती दरवर्षी ठरल्या महिन्यात निघेल अशा भरवशावर बसू नये, आणि ट्रेनिंगचा खर्चही तोवर घरचाच.

माझा खरा राग आहे तो एका अटीवर, म्हणजे अटीवर नाही, ती कोणी न सांगण्यावर. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे विषय हवेत, निदान ५० टक्के हवेत, आणि पास व्हायचं ते पहिल्याच प्रयत्नात. भाचीबरोबर शिकणारी आमच्याच वाड्यावरची एक मुलगी फिजिक्सला अडकली. पुरवणी परीक्षेत सुटली, पेढेही वाटले. मग एका क्लासवाल्यांनी तिला वर्षभर 'मिलिटरी नर्सिंग'च्या नावाखाली शिकवलं, फी घेतली, आणि अर्ज भरायच्या दिवशी तिच्या बापाला ती ओळ दिसली. क्लासला ठाऊक नव्हतं की ठाऊक असून बोलले नाहीत, देव जाणे. बाप मोटारसायकल पायलट, पणजीच्या स्टँडवर भाडी मारतो. माझ्याकडे येऊन म्हणाला, "सिस्टर, अकरावीत कोणी सांगितलं असतं तर पोरीला फिजिक्सची शिकवणी तरी लावली असती." मी काय बोलणार!

उंचीचंही तेच. १५२ सेंटिमीटर लागते. आमची पोर बुटकी, आईवर गेलेली. बहिणीने शेजारच्या शिंप्याची टेप आणली, पोरीला दाराच्या चौकटीला उभी केली, आणि टेप संपली तरी डोकं वर राहिलं! तेव्हा लक्षात आलं, शिंप्याची टेप दीडशेलाच संपते. मग शाळेची पट्टी वर धरून उरलेलं मोजलं. संध्याकाळी भरले १५१ आणि थोडं. घरात सुतक पडल्यासारखं झालं. मी म्हटलं, उद्या सकाळी उठल्या उठल्या मोजा, अंबाडा सोडून. माणूस सकाळी किंचित उंच असतो, दिवसभर उभं राहून कण्यातल्या चकत्या दबतात. सकाळी १५२ च्या वर पेन्सिलची रेघ गेली. आई देवाला नारळ ठेवायला निघाली, तिला सांगितलं, नारळ दिल्लीची मुलाखत आणि मेडिकल झाल्यावर. ती रेघ अजून चौकटीवर आहे. मागच्या चवथीला घराला रंग काढला, तरी बहिणीने तेवढा भाग सोडायला लावला.

'नीट' दिली म्हणजे काम झालं असंही नाही. लष्कराच्या भरतीच्या संकेतस्थळावर अर्ज वेगळा करायचा असतो. त्यातून निवडलेल्यांना दिल्लीला बोलावतात. संगणकावर इंग्रजी आणि सामान्य बुद्धिमत्तेची परीक्षा, मानसिक चाचणी, मुलाखत, मग मेडिकल. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली आमची पोर इंग्रजी लिहायला पक्की, बोलायला अडखळायची. महिनाभर आम्ही रोज रात्री जेवताना इंग्रजीत बोललो. भावोजींनी तो महिना जवळजवळ मौनातच काढला. मेडिकलला जाण्याआधी कान आणि दात इथेच तपासून घ्यावेत, हा माझा फुकटचा सल्ला. कानातल्या मळासाठी कोणी दिल्लीला थांबू नये.

नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला, "लग्नाचं काय?" प्रवेशाच्या वेळी मुलगी अविवाहित हवी हे खरं. पण लग्न केलं की नोकरी गेली, हे जुनं झालं. तो नियम १९९५ मध्येच मागे घेतला गेला. १९८८ मध्ये लग्नाच्या कारणावरून काढून टाकलेल्या एका लेफ्टनंट नर्सला सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ६० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. ही बातमी मी कापून पर्समध्ये ठेवली होती. साखळीच्या आत्याबाईंना दोनदा वाचून दाखवली.

भाची पहिल्या सुट्टीला आली ती कोकणकन्या गाडीने. जाताना थिवी स्टेशनवर आम्हीच बसवून दिली होती, तेव्हा रडत होती. येताना सरळ उभी राहायला लागली होती, हा पहिला फरक. दुसरा फरक दुसऱ्या दिवशी दिसला. आमची आई कंबरेच्या दुखण्याने खाटेला खिळलेली. पोरीने तिला कुशीवर वळवलं, अर्धी चादर गुंडाळून पाठीशी सरकवली, नवी अंथरली, पलीकडे वळवून जुनी ओढून काढली. कोपरा उचलून पंचेचाळीस अंशात दुमडला, गादीखाली खोचला. आईला हूं की चूं करावं लागलं नाही. तीस वर्षं हे मी केलंय, पण घाईत. वॉर्डात पन्नास पेशंट आणि दोन सिस्टर असल्या की कोपरा कसला दुमडता! आईने हाताने चादर चाचपली आणि विचारलं, "इस्त्री केली की काय गो हिला?" मी उठून स्वयंपाकघरात गेले.

रात्री पोर सांगत होती, २८ मार्च १८८८ रोजी दहा इंग्रज नर्सेस मुंबई बंदरात उतरल्या, तिथून हिंदुस्थानातली ही लष्करी सेवा सुरू झाली. आता तिथून थोड्याच अंतरावर, कुलाब्याला, आपण मच्छरदाण्या लावतोय, असं म्हणून हसली.

शिक्षण खात्याने प्रत्येक हायर सेकंडरीत अकरावीच्या पहिल्याच महिन्यात एक तास यासाठी द्यावा, एवढीच मागणी आहे. बोलायला माणसं हवी असतील तर वास्कोला नौदलाचं जीवंती इस्पितळ आहे, तिथून एखाद्या नर्सिंग ऑफिसरला बोलवावं. माझ्यासारख्या निवृत्त सिस्टर्स तर तालुक्यातालुक्यात रिकाम्या बसल्या आहेत. बसभाडंसुद्धा मागणार नाही. आणि आपल्या वृत्तपत्राने प्रवेशाची जाहिरात निघाली की ती निविदांच्या पानावर बारीक टायपात न टाकता जरा वर छापावी.

पेडण्याच्या गृहस्थांना एक विनंती. मुलीची उंची उद्या सकाळी मोजून घ्या. टेप सुताराची आणा.

एक निवृत्त सिस्टर,
डिचोली